बारापैकी आठ

टेलरमास्तरांनी परीक्षेच्या कार्डावर पहिल्याच रकान्यात लिहिलं होतं, 'पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा आवडत नाही.' मी लाल पेन्सिलीनं फुली मारली आणि पुढे सरकणार, तेवढ्यात खालची बारीक अक्षरातली ओळ दिसली. 'शेवटचे दोन घोट रोज कपात राहतात. नऊ तारखेला चुकून साखर पडली होती. कप रिकामा आला. पाहुण्या काही बोलल्या नाहीत.' आता ही पाहुणी म्हणजे कोण, तर मीच. आमच्या संस्थेत बटलरचं काम शिकायला आलेल्या माणसांनी चार महिने आळीपाळीनं माझी सरबराई करायची, चहा आणायचा, जेवण वाढायचं, कोट अडकवायचा, आणि शेवटी या पाहुणीला काय आवडतं नि काय नाही ते बारा रकान्यांत लिहून द्यायचं, अशी ही परीक्षा. उत्तरं ठरलेली आहेत. एकोणीस वर्षांपूर्वी मीच ठरवली. पहिलं उत्तर, चहा बिनसाखरेचा. इतक्या वर्षांत कुणी माझ्या चहाशी वाद घातला नव्हता. मी नऊ तारीख आठवून पाहिली. काही आठवेना. स्वतःच्या पोटात गेलेला चहा स्वतःला आठवू नये म्हणजे कमालच झाली.

बाकीचं कार्ड वाचलं. आठ उत्तरं बरोबर. पहिलं धरून चार उलटी, आणि उलटी म्हणजे सरळसरळ उलटी. माझं उत्तर, खिडकी कायम दोन बोटं उघडी हवी. मास्तरांचं, 'वारा सोसत नाही, मान आखडते, डावा खांदा वर येतो.' माझं, खोलीत फुलं नकोत. मास्तरांचं, 'फुलं आवडतात. ऑफिसातल्या फुलदाणीपाशी जाता येता थांबतात, कुणी आलं की चष्मा पुसतात.' आणि शेवटचं, माझं उत्तर, जेवण एकटीनं, दार लावून. मास्तरांनी लिहिलं होतं, 'एकटं जेवायला आवडत नाही.' खाली पुराव्याची ओळ होती, ती मी तेव्हा वाचली नाही. कार्ड पालथं घातलं आणि उठून हात धुतले. हात स्वच्छच होते.

एरवी मी असल्या कार्डावर आठ आकडा लिहिला असता आणि माणसाला सहा महिन्यांनी परत ये म्हणाले असते. पण या माणसाचं सहा महिन्यांनी काही होणार नव्हतं. मास्तर त्रेचाळीस वर्षांचे. वीस वर्षं शिंपीकाम केलं, मग लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि दुकानाला कुलूप लागलं. घरी बायको, दोन मुली. मुलाखतीत मला म्हणाले होते, "मॅडम, आता घरी जाईन तो काम घेऊनच." दोन मोठ्या घरांनी त्यांचं वय ऐकूनच नको म्हटलं होतं. एकच जागा उरली होती, एका निवृत्त न्यायाधीशांची. त्यांना पोक्तच माणूस हवा होता. पण त्यांनी दोन वर्षांत पाच बटलर परत पाठवले होते, त्यातले दोन माझे. शेवटी फोनवर म्हणाले, "बाई, आता मला बारापैकी बारावालाच पाठवा. नाहीतर राहू द्या, मी दुसरी संस्था बघतो." मी शब्द दिला. आज रात्री नऊच्या आत नाव कळवायचं होतं, उद्या सकाळी त्यांची गाडी येणार होती. या तुकडीत बारावाली एक होती, चुणचुणीत, चोवीस वर्षांची, आणि तिला न्यायाधीशांनी वयावरून नाकारलंच असतं. म्हणजे राहिले मास्तर, आणि मास्तरांना आठ. माझ्या उत्तरांप्रमाणे आठ. पण ती चार उत्तरं खरी असली, तर बारा. आणि ती खरी की खोटी हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला नऊ तारखेचा चहा आठवत नव्हता.

आता या उत्तरांचा उगम सांगायला हवा, आणि तो सांगताना मला थोडी लाज वाटते. मी हॉटेलात लागले ती लिनन रूममध्ये. चादरी मोजायच्या, अभ्रे मोजायचे, डाग पडलेले बाजूला काढायचे. तिथल्या मुख्य बाई म्हणायच्या, "चादरीवर सुरकुती दिसली म्हणजे आपण दिसलो. आपण दिसायचं नाही." मला ते भारी आवडलं होतं. न दिसता सगळीकडे असणं यात एक मजा असते, ती कुणाला सांगून कळत नाही. पुढे मजले मिळाले, मग मजल्यांची देखरेख, मग खास पाहुण्यांची बटलर. चारशे बारा नंबरच्या खोलीत दर महिन्याला एक गृहस्थ उतरायचे. अकरा वर्षं मी त्यांचं सगळं बघितलं. चहा बिनसाखरेचा. खिडकी दोन बोटं उघडी. फुलं नकोत, शिंका येतात. जेवण एकट्यानं, दार लावून. एकदा ते मला चपलांच्या दुकानात भेटले, अगदी समोर, हातभर अंतरावर. त्यांनी मला ओळखलं नाही. ज्या माणसाच्या उशीवर डोक्याचा खळगा कुठे पडतो हे मला ठाऊक, त्याला माझा चेहराही ठाऊक नव्हता. दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. मी घरी येऊन ताईला कौतुकानं सांगितलं. ताई म्हणाली, "हसतेस काय बये, रड."

नंतर संस्था काढली, आणि पहिल्या तुकडीच्या आदल्या दिवशी परीक्षेसाठी एक पाहुणा तयार करायला बसले. वाटलं, पाहुणी मीच होईन, माझ्याच आवडी लिहीन, सोपं काम. कागद पुढ्यात घेतला. तासभर बसले. 'चहा' असं लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते कळेना. मला कसा चहा आवडतो? हॉटेलात वीस वर्षं मिळेल तेव्हा, मिळेल तसा, उभ्यानं प्यालेला. शेवटी वेळ कशाला घालवा म्हणून चारशे बाराच्या गृहस्थांच्या आवडी उतरवून काढल्या. माणूस परीक्षेला वापरावा इतका काटेकोर होताच. काही माझ्यावर बेतून घेतल्या, उजव्या हाताला चष्मा, पायाला गरम पाणी, अशा. पण खोटं बोलायचं तर एकसारखं बोलावं लागतं, नाहीतर शिकणाऱ्यांचा गोंधळ उडतो. म्हणून मी आठवडाभर घरीही तालीम केली. ताईला सांगितलं, साखर नको, खिडकी उघडी ठेव, मी एकटी जेवीन, दार ओढून घे. आठवड्याची तालीम, पुढे एकोणीस वर्षं झाली. नाटकातला मुकुट घालून माणूस बाजारात भाजी घ्यायला जातो, तसं माझं झालं, आणि कुणी हसलंही नाही.

दुपारचे चार वाजले होते. मी खाली पँट्रीत गेले. तिथे मावशी असतात, आमची सगळी भांडी, कपबश्या, चहापाणी त्यांच्या ताब्यात. म्हटलं, "मावशी, एक चहा द्या. साखर घालून."

मावशींनी मला वर-खाली न्याहाळलं. "बरं आहे ना, बाई?"

"बरं आहे. दोन चमचे घाला."

"दोन! अगं बाई. आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

मी तिथेच स्टुलावर बसून प्याले. पहिल्या घोटाला काही वाटलं नाही, गोड लागला इतकंच. मग एकदम आमच्या जुन्या घराच्या पायरीवर मी नि ताई बशीतून चहा पीत बसलोय, असं आठवलं. बशीत तळाशी साखर साचायची आणि ती बोटानं कोण चाटणार यावर भांडण व्हायचं, आणि ते दर वेळी मी जिंकायची, कारण मी रडायची. हे मला चाळीस वर्षांत आठवलं नव्हतं. कप रिकामा झाला होता. मावशी म्हणाल्या, "आणखी देऊ?" आणि मी हो म्हणाले. वर आले, खिडकी बंद केली आणि खुर्चीत बसून मानेकडे लक्ष दिलं. पाच मिनिटांत खांदा खाली आला. आता याला काय म्हणायचं? एकोणीस वर्षं मी मानेला तेल चोळत होते, उशा बदलत होते, डॉक्टरांना पैसे देत होते आणि खिडकी दोन बोटं उघडी ठेवत होते. फुलांचं तर तपासायचीही गरज नव्हती. चष्मा पुसते हे मला माहीतच होतं, फक्त कुणी पाहिलं असेल असं वाटलं नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मजा यायला लागली होती. कुणीतरी अनोळखी बाई माझ्या घरात राहत असावी आणि तिचे कपडे, तिच्या चपला आता एकेक करून सापडाव्यात, तशी उत्सुकता.

मी मास्तरांना बोलावलं. आले, दारापाशी उभे राहिले, शिकवलं तसे, हात मागे. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या टोकावर बसले. मी कार्ड पुढे केलं आणि विचारलं, "मास्तर, तुम्हाला खरी उत्तरं माहीत नव्हती का?"

"होती, मॅडम."

"म्हणजे?"

ते जरा घुटमळले. "बाराही पाठ होती. सगळ्यांनाच असतात. मागची तुकडी जाताना पुढच्या तुकडीला लिहून देते. होस्टेलच्या कपाटाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय. फार जुना आहे. आता टेपही पिवळी पडली."

म्हणजे निरीक्षण शिकवते, डोळे शिकवते म्हणून मी इतकी वर्षं मिरवत होते, भाषणं देत होते, आणि ही सगळी मंडळी कपाटाचं दार उघडून पाठांतर करत होती. ज्या बारावाल्यांना मी मोठमोठ्या घरांत पाठवलं, त्यांना माझ्याविषयी काय कळलं होतं? चारशे बाराच्या गृहस्थांच्या सवयी. न्यायाधीशांनी माझी दोन माणसं उगाच परत पाठवली नव्हती. मला रागही आला आणि हसूही आलं, दोन्ही एकदम, त्यामुळे तोंडातून नुसताच आवाज निघाला.

"मग तुम्ही पाठ केलेलं का नाही लिहिलंत? नोकरी तुमच्या दारात उभी होती."

"गिऱ्हाईक कंबर नेहमी दोन इंच कमी सांगतं, मॅडम," मास्तर म्हणाले. "सांगितलेल्या आकड्यावर कापलं तर पहिल्याच दिवशी उसवतं, आणि नाव शिंप्याचं जातं. आपण टेप लावायची. तुम्ही विचारलं होतंत पाहुण्यांना काय आवडतं. पाहुण्या काय सांगतात ते विचारलं नव्हतंत." मग घाईघाईनं म्हणाले, "उद्धटपणा वाटला असेल तर माफ करा. मी रात्री जागून विचार केला. मुलींचे चेहरे डोळ्यांपुढे आले. तरी हात वळला नाही."

"चौथं चुकलंय," मी म्हणाले. आवाज उगाच चढला होता. "तीन मान्य. पण जेवण मला एकटीलाच आवडतं. शांतपणे. ते माझं स्वतःचं आहे."

"असेल, मॅडम." ते उठले. दारापर्यंत जाऊन थांबले. "पाइप दुरुस्त करायला प्लंबर आला होता, तुम्ही त्याला तुमच्या टेबलावर जेवायला बसवलंत. त्या दिवशी ताट स्वच्छ होतं. एरवी अर्धं परत येतं. मला चार महिन्यांत तेवढा एकच दिवस मिळाला. एका मापावर मीही कापत नाही खरं म्हणजे." आणि दार हलकेच ओढून ते गेले. दार ओढताना आवाज होऊ द्यायचा नाही, हे मीच शिकवलंय.

घरी जाताना मी बस सोडली आणि चालत निघाले. प्लंबर आठवला. जाडगेला, बडबड्या, सगळा वेळ त्याच्या मेव्हण्याच्या लग्नात जनरेटर कसा बंद पडला ते सांगत होता, तोंडात घास असताना. मी काय जेवले ते आठवेना, पण हसले होते ते आठवलं. तरी मन कबूल होईना. साखर काय, खिडकी काय, त्या वस्तू. पण एकटं जेवणं माझ्या स्वभावातच आहे, असं मी धरून चालले होते. दिवसभर लोकांचे चेहरे वाचायचे, रात्री एक तास कुणाचाही चेहरा नको. हे मी कितीदा कौतुकानं सांगितलंय. आणि हे जर उसनं असेल तर माझं म्हणून उरलं काय? चौकात सिग्नलला उभी असताना वाटलं, त्या मास्तरांना आठ देऊन टाकावेत आणि विषय संपवावा. नियम म्हणजे नियम. कुणी विचारणार नव्हतं. न्यायाधीश दुसरी संस्था बघतील, मास्तर घरी जातील, आणि मी खिडकी उघडी ठेवीन. सिग्नल सुटला तरी मी उभीच होते, मागच्यांनी ढकललं तेव्हा पाय हलले.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळेत शिकवायची, आता घरीच असते. भाऊजी गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो, त्याला बावीस वर्षं झाली. आमचं बोलणं म्हणजे दुधाचं बिल, नळाचं पाणी, कुणाचा फोन आला. मी हातपाय धुऊन आले. टेबलावर माझं एकटीचं ताट, झाकलेलं. पाण्याचा पेला उजवीकडे. खिडकी दोन बोटं उघडी. ताईनं नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं, सगळं आहे ना अशा अर्थानं, आणि दार ओढायला हात घातला.

"ताई, बस ना जरा."

"का? काय झालं?" ती लगेच घाबरली. "छातीत दुखतंय का?"

"काही दुखत नाही. जेवायला बस माझ्याबरोबर."

"माझं झालंय कधीच. साडेसातला."

"कुठे जेवलीस?"

"कुठे म्हणजे? ओट्यापाशी. उभ्यानं उरकते मी, बसून जेवायचं ते एकटीसाठी कशाला मांडामांड करायची." ती हे इतक्या सहज म्हणाली की मला क्षणभर त्याचा अर्थच लागला नाही. स्वयंपाकघर माझ्या खुर्चीपासून आठ पावलांवर आहे. कुठल्या गिऱ्हाइकाच्या घरी कोण कुठे जेवतं, हे मी माणूस पाठवण्याआधी तपासून घेते.

"रोज?"

"मग! तूच तर म्हणालीस, मी एकटी जेवीन, दार ओढून घे." ताईनं दाराची कडी उगाच घासली. मग खाली बघत म्हणाली, "चुकलंच होतं माझं. मी बोलायला नको होतं तसं."

"काय बोललीस तू?"

"आता सोंग घेऊ नकोस. तुझी पहिली तुकडी यायची होती तेव्हा नाही का मी म्हणाले, लोकांची उष्टी काढायला माणसं शिकवणार, हेच का तुझं मोठेपण? आणि दुसऱ्याच दिवसापासून तू माझ्या हातची साखर बंद केलीस, आणि माझ्याबरोबर जेवणं बंद केलंस. मी म्हटलं, बरोबर आहे. एवढी कष्टानं वर आलेली, तिला लागलं असणार. राग जाईल तेव्हा बोलावील."

मला ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं. तिनं ते म्हटलं असेल, मी हसण्यावारी नेलं असेल, आणि दुसऱ्या दिवशी परक्या माणसाच्या सवयींची तालीम सुरू केली असेल. आणि ही बाई एकोणीस वर्षं ओट्यापाशी उभी राहून माझा राग जायची वाट बघत होती. मी खुर्चीवर बसल्या बसल्या रडायला लागले. अगदी लहानपणी रडायची तशी, नाक गळेपर्यंत. ताई गडबडून पुढे आली, पदरानं माझं तोंड पुसायला लागली. "अगं वेडी का काय तू? मी कुठे काही म्हणतेय? इतक्या वर्षांची सवय झाली मला."

"मी रागावले नव्हते गं," मी म्हणाले. "कधीच नव्हते. ते माझं नव्हतंच."

"मग कुणाचं होतं?"

मी उठले, खिडकी लावली, स्वयंपाकघरात जाऊन दुसरं ताट घेतलं आणि त्यात माझ्या ताटातलं अर्धं वाढलं. ताई नको नको म्हणत बसली. पहिला घास तिनं खुर्चीच्या टोकावर बसूनच घेतला, कुणी उठवील की काय असा. मग जराशी मागे सरकली. म्हणाली, "मीठ कमी पडलंय का गं? इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं. तू नेहमी टाकतेस ताटात."

"मीठ बरोबर आहे," मी म्हणाले आणि आणखी वाढून घेतलं. ताईनं ते पाहिलं आणि पातेलं माझ्या बाजूला सरकवलं. घड्याळात साडेआठ झाले होते. मी उष्ट्या हातानंच फोन ओढला आणि डाव्या हातानं मास्तरांना लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"मास्तर, बारापैकी बारा. सकाळी आठला गाडी येईल, सामान बांधून ठेवा. आणि तो कपाटातला कागद काढून टाका."

पलीकडून नुसतं "मॅडम" एवढंच आलं, आणि फोन तसाच चालू राहिला. लांबून त्यांचा कुणालातरी सांगतानाचा आवाज ऐकू येत होता. मी फोन ठेवला आणि न्यायाधीशांना लावला. ते म्हणाले, "बारावाला आहे ना नक्की?" मी म्हणाले, "हो. तपासणारीला आठ मिळालेत, त्याला बारा." ते हसले नाहीत. गाडी पाठवतो म्हणाले.

ताई बघत होती. "हे काय चाललंय तुझं? कोण हे मास्तर?"

"एक शिंपी आहे," मी म्हणाले, आणि मग तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं, नऊ तारखेच्या चहापासून. मध्येच तिनं प्रश्न विचारले, मध्येच ती चिडली, चारशे बाराच्या गृहस्थांना तिनं दोन सणसणीत शिव्या दिल्या आणि शाळेतली बाई असून त्या शिव्या तिला कुठून माहीत म्हणून मी हसले. ऐकता ऐकता जेवण गार झालं. पहिल्यांदा ताईनं गरम करून आणलं, दुसऱ्यांदा मी.